माफक मार म्हणजे नेमका किती?

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?" शाळेतल्या माराचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी हे म्हणतंच. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, कशासाठी बसला होता? बहुतेकांना मार लख्ख आठवतो, चूक आठवत नाही.

मी बावीस वर्षं शिकवलं. एकदा एका मुलाच्या कानाखाली वाजवली. कर्कटकानं बाकावर रेघोट्या ओढत होता. ओढता ओढता शंकाही हटकून विचारायचा, तसा चलाख. आदल्या दिवशीही त्याचं हेच चाललं होतं, तेव्हा मी नुसतं "अरे!" म्हणून पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी मी घरून भांडून आले होते, एवढाच काय तो फरक.

म्हणून "माफक मार चालेल" ही कायद्यातली जुनी कल्पना मला पटत नाही. इंग्रजी कायदा मानायचा की आईबापांचा शिक्षा करण्याचा हक्क शिक्षकाकडे उसना येतो, मार फक्त वाजवी हवा. वाजवी किती? १९७० साली अमेरिकेत, मायामीतल्या एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलाला, सांगितलेलं लगेच ऐकलं नाही म्हणून, लाकडी फळीचे वीसहून जास्त फटके बसले. रक्त साकळलं, कित्येक दिवस शाळा बुडाली. 'इन्ग्रॅहम विरुद्ध राइट' खटल्यात १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की क्रूर शिक्षेपासूनचं घटनात्मक संरक्षण गुन्हेगारांसाठी आहे, शाळकरी मुलांसाठी नाही. का, तर शाळा ही उघडी जागा, तिच्यावर समाजाचं लक्ष असतं! बहुमतात न्या. ब्लॅकमनही होते. आर्कान्सातल्या तुरुंगांतला चामडी पट्टा बंद करणारा निकाल १९६८ मध्ये, अपील न्यायालयात असताना, याच गृहस्थांनी लिहिला होता. कैद्याची पाठ वाचली, पोराची नाही.

बरं, जे खटले मार बंद करायच्या बाजूनं लागले, त्यांतही मूल कुठे असतं? १९८२ साली स्कॉटलंडमधल्या दोन विद्यार्थ्यांच्या आया युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकल्या, त्या मुख्यतः 'शाळेत मार नको' या पालकांच्या धारणेचा मान राखला पाहिजे या मुद्द्यावर. ब्रिटनच्या सरकारी शाळांतली छडी पुढे १९८७ मध्ये गेली. उलट २००० साली दक्षिण आफ्रिकेत काही ख्रिस्ती शाळा पालकांच्या श्रद्धेचा दाखला देत छडी परत मागायला तिथल्या संविधान न्यायालयात गेल्या आणि हरल्या. निकालपत्रात न्या. आल्बी सॅक्स यांनी खंत नोंदवली की मुलांच्या वतीनं बोलायला या खटल्यात कुणीच नव्हतं. मारू नका म्हणणारे पालक, मारा म्हणणारेही पालक. ज्याच्या पाठीवर वळ उठणार त्याला कुणी विचारत नाही.

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण छडी गेली तिथे जीभ आली, हे मी शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकलंय. पण हा कायदा ६ ते १४ वयापुरताच. पंधरा वर्षांच्या मुलासाठी दुसरी कलमं शोधत बसा.

शिक्षकांचं एक गाऱ्हाणं मात्र शंभर टक्के खरं आहे. साठ मुलांच्या वर्गातून छडी काढून घेतलीत, बदल्यात दिलंत काय? वर्ग लहान केले नाहीत, समुपदेशक नेमला नाही, परिपत्रक तेवढं आलं. यासाठी मोर्चा काढा, मी पुढच्या रांगेत असेन. पण ते भांडण व्यवस्थेशी आहे, पोराच्या गालावर ते कशाला?

त्या मुलानं पुन्हा बाकावर रेघ ओढली नाही. वर्षभर हाताची घडी घालून बसायचा आणि मी मनात म्हणायचे, लागला गुण. शंका विचारायचंही त्यानं त्याच दिवशी सोडलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते.