‘मूठभर वस्तीला रुग्णालय कशाला?’ या दाव्यातील चुकलेला हिशेब

तळ्याकाठच्या ग्रामीण सुट्टीच्या भागांबद्दल एक दावा सध्या वारंवार पुढे पाठवला जातो आणि तो वाचायला इतका सरळ वाटतो की त्यापाशी कोणी फारसे थांबत नाही. त्याचा आशय असा : अशा भागांत बारा महिने राहणारे लोक मूठभर असतात, उरलेले पाहुणे असतात आणि ते आजारी पडले की आपापल्या शहरात परततात, ज्यांनी तेथे दुसरे घर बांधले आहे ते सधन आणि धडधाकट असतात, एखाद्याच्या जिवावर बेतलेच तर हेलिकॉप्टर आहे, व्हिडिओवर डॉक्टर आहेत, म्हणून तेथील आरोग्यसेवेवर जास्त पैसा घालणे ही उधळपट्टी आहे. हा दावा भागाभागाने तपासायला हवा, कारण अशाच युक्तिवादाने प्रसूतिकक्ष बंद होतात आणि रात्रपाळीची रुग्णवाहिका काढून घेतली जाते.

पहिला भाग लोकसंख्येचा. ‘मूठभर’ हा आकडा येतो जनगणनेतून, आणि जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या निवासस्थानी मोजते. अमेरिकेत माणूस वर्षातला बहुतेक काळ जेथे राहतो आणि झोपतो ते त्याचे ठिकाण धरले जाते, आणि गणनेचा दिवस १ एप्रिल असतो. सुट्टीपुरते वापरले जाणारे घर त्या नोंदीत ‘रिकामे घर’ म्हणून जाते. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकाला व्हिलास नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तेथे १,३०० हून अधिक तळी आहेत. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या २३,०४७ भरली. पण तेथील निम्म्याहून अधिक घरे हंगामी वापराची आहेत, म्हणजे कागदावर रिकामी. जुलैत त्या घरांतून दिवे लागलेले असतात, धक्क्याला होड्या बांधलेल्या असतात, आणि त्या घरांतल्या माणसांच्या छातीत दुखू लागले तर ती जवळच्या तातडीच्या कक्षातच येतात. त्या कक्षाचे मनुष्यबळ मात्र २३,०४७ या आकड्यावरून ठरवावे, असे हा दावा सुचवतो. जनगणना येथे चुकीची नाही. ती जे मोजण्यासाठी आहे ते मोजते. त्या आकड्याला आरोग्याच्या गरजेचे माप समजणे ही चूक आहे.

इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टमध्ये हे प्रमाण आणखी ठळक दिसते. त्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत राहणारे सुमारे ४० हजार, आणि वर्षाला येणारे पाहुणे दीड कोटीहून अधिक. अर्थात पाहुण्यांचा आकडा रहिवाशांच्या आकड्यात सरळ मिळवता येत नाही, कारण त्यांतले पुष्कळ जण काही तासांत परततात. योग्य माप माणसे किती हे नसून माणसांचे दिवस किती हे आहे : किती माणसे, किती रात्री, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वयाची. हे माप काढणे अशक्य नाही. पाण्याचा वापर, सांडपाण्याचे प्रमाण, कचऱ्याचे वजन आणि विजेची मागणी यांवरून हंगामी वस्तीचा बराच विश्वासार्ह अंदाज बांधता येतो.

या फरकाची सर्वांत स्पष्ट कबुली एका सरकारनेच दिलेली आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा नॉर्वेने नागरिकांना आपल्या नगरपालिकेबाहेरच्या सुट्टीच्या घरात रात्री मुक्काम करण्यास मनाई केली. लहान नगरपालिकांची आरोग्यव्यवस्था कायम रहिवाशांच्या संख्येवर बेतलेली आहे आणि सुट्टीच्या घरांत आलेले लोक आजारी पडले तर ती कोलमडेल, हे त्यामागचे कारण होते. ही मनाई २० एप्रिलला उठली. मनाई योग्य होती की अयोग्य, यावर तेथे वाद झाला. पण तिच्यामागचे गणित कोणीही खोडून काढलेले नाही.

‘पाहुणे आजारी पडले की शहरात परततात’ हा दुसरा भाग दुखऱ्या गुडघ्याच्या बाबतीत खरा आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी कोणी तळ्याकाठी थांबत नाही. पण सुट्टीच्या ठिकाणी ज्या गोष्टी घडतात त्या वाट पाहत नाहीत. बुडणाऱ्या माणसाच्या मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. हृदय अचानक बंद पडले आणि छातीवर दाब देणेही सुरू झाले नाही, तर विजेचा झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. चार तासांचा रस्ता तुडवून ‘आपल्या’ रुग्णालयात पोहोचणाऱ्याला हे औषध बहुधा मिळणारच नाही.

शिवाय आजार माणसाबरोबर प्रवास करतात. ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते, ज्याचे इन्सुलिन प्रवासात खराब झाले, ज्याला रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा तपासून घ्यायची आहे, तो तळ्याकाठीही रुग्णच असतो. फिनलंडमध्ये सुट्टीची सुमारे पाच लाख घरे आहेत आणि लोक तेथे आठवडेच्या आठवडे राहतात. मे २०११ पासून लागू झालेल्या तेथील आरोग्यसेवा कायद्याने, तात्पुरते दुसरीकडे राहणाऱ्याला त्याच्या उपचार-योजनेप्रमाणे तेथील आरोग्यकेंद्रात सेवा घेण्याची सोय केली. इंग्लंडमध्येही २४ तासांहून अधिक आणि तीन महिन्यांहून कमी काळ राहणाऱ्याला स्थानिक डॉक्टरकडे तात्पुरता रहिवासी म्हणून नोंद करता येते. पाहुणे परत जात असते तर या तरतुदी कोणाला लागल्या नसत्या.

तिसरा भाग मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. साठीच्या आसपास तळ्याकाठी कायमचे राहायला येणारे लोक खरोखरच सहसा सधन आणि धडधाकट असतात. आजारी माणूस सहसा जंगलातल्या रस्त्याच्या टोकाला घर घेत नाही. म्हणून पहिली दहा वर्षे त्यांचा दवाखान्यावर फारसा भार पडत नाही, आणि नियोजन करणारे निर्धास्त होतात. पुढे तीच माणसे पंचाहत्तरीत आणि ऐंशीत पोहोचतात. डोळे अधू झाले की गाडी चालवणे सुटते, एका जोडीदाराला विस्मरण जडते आणि दुसरा एकटा त्याची देखभाल करतो, बर्फात पाय घसरून मांडीचे हाड मोडते. हे सारे वीस वर्षे आधी ठाऊक असते, कारण माणसाचे वय वाढणे ही लोकसंख्येच्या अभ्यासातली सर्वांत निश्चित गोष्ट आहे. व्हिलासमध्ये दर दहांतले सुमारे तीन जण आजच ६५ च्या पुढचे आहेत. संपूर्ण अमेरिकेत हे प्रमाण २०२० मध्ये दहांत दोनही नव्हते. दुसऱ्या बाजूने तेथील तरुण शिक्षणासाठी आणि कामासाठी बाहेर पडतात, म्हणजे ज्यांनी वृद्धांची शुश्रूषा करायची तीच पिढी विरळ होते.

आणि ‘सधन’ या शब्दाने आणखी एक वर्ग दिसेनासा केला आहे : उन्हाळ्यापुरते कामाला येणारे स्वयंपाकी, सफाई कामगार, होड्या दुरुस्त करणारे, बागकाम करणारे. ते तरुण असतात, दाटीवाटीने राहतात, अंगमेहनतीचे काम करतात, आणि त्यांच्या नावापुढे नेहमीचा डॉक्टर क्वचितच असतो. त्यांची गणना ना रहिवाशांत होते, ना पाहुण्यांत.

हेलिकॉप्टरबद्दल थोडक्यात. धुके, वादळ आणि पंखांवर साचणारा बर्फ यांत ते उडत नाही, आणि उडाले तरी रुग्णाला प्रवास सोसेल इतके स्थिर करणारे हात जमिनीवरच लागतात. व्हिडिओवरील तज्ज्ञाचे साहाय्य मी मनापासून मोलाचे मानतो; पक्षाघातात त्याने खरोखर जीव वाचतात. पण त्या पडद्यासमोर रुग्णाला तपासणारी परिचारिका आणि शेजारी चालू असलेले सीटी यंत्र नसेल, तर तज्ज्ञ पाहणार काय?

राहिला पैशाचा मुद्दा. हिवाळ्यात खाटा रिकाम्या राहतात हे खरे आहे आणि ते नाकारू नये. तेथे मोठे रुग्णालय हवे असे मी म्हणतच नाही. प्रश्न सज्ज राहण्याच्या खर्चाचा आहे, आणि तो खर्च रुग्ण किती आले यावर अवलंबून नसतो. रात्री एकही रुग्ण आला नाही तरी डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा जागीच असावी लागतात. अमेरिकेने १९९७ च्या कायद्याने याच कारणासाठी लहान ग्रामीण रुग्णालयांचा एक वेगळा प्रकार निर्माण केला : खाटा जास्तीत जास्त २५, सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत, तातडीची सेवा चोवीस तास, आणि वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेतून मिळणारे पैसे रुग्णागणिक ठरीव दराने नव्हेत, तर वाजवी खर्चाच्या १०१ टक्के. आज अशी तेराशेहून अधिक रुग्णालये आहेत. २०२३ पासून तर भरती खाटा अजिबात नसलेल्या, केवळ तातडीच्या ग्रामीण रुग्णालयांनाही वेगळी मान्यता मिळू लागली. म्हणजे ‘मोठे रुग्णालय किंवा काहीच नाही’ ही निवडच मुळात खोटी आहे.

एक अडचण मात्र निधी मिळूनही सुटत नाही, आणि तिचे मूळ त्याच दुसऱ्या घरांत आहे. घरे सुट्टीच्या भाड्याने जाऊ लागली की वर्षभरासाठी भाड्याचे घर मिळेनासे होते. जागा मंजूर होते, परिचारिकेची निवड होते, ती येऊन घर शोधते, आणि परवडणारे घर तासाभराच्या अंतरात नाही हे कळल्यावर नेमणूक नाकारते. म्हणून ज्या भागांनी आरोग्यसेवेचे नियोजन गांभीर्याने करायचे ठरवले आहे, त्यांना रुग्णालयाच्या आराखड्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या घरांचाही आराखडा करावा लागतो.