खुंट्याला बांधलेलं विमान

माझ्या छोट्या मॉडेल विमानाने अजून जमीन सोडलेली नाही, पण गावाने त्याचं बारसं उरकून टाकलंय : 'सरचा पंप'. गावाचा दोष नाही. 20 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन अंगणात सुरू केलं की कोणालाही कपाशीवर फवारणी चालल्यासारखंच वाटतं. तेही ऐन मे महिन्यात, पऱ्हाट्या उपटून वावरं उघडी पडलेली असताना. आर्वीकडे पारा 45 च्या वर गेला, की मास्तरच्या डोक्याबद्दल जे काही बोललं जातं, ते लोक निदान सावलीत बसून बोलतात.

इंजिन उघडं ठेवलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला हौस, खऱ्या विमानासारखं नाक हवं! इंजिन झाकणाऱ्या त्या टोपणाला काऊल म्हणतात. आईला ते 'कवेलू' ऐकू आलं आणि तिने वर गोठ्याच्या छपराकडे पाहिलं.

काऊलच्या आत टाकी आणि टाकीच्या बुचातून निघणाऱ्या तीन नळ्या. एक इंजिनाला पेट्रोल देते. तिच्या आतल्या टोकाला वजनदार लोळा असतो, विमान कसंही कलंडलं तरी तो पेट्रोलमागे घरंगळत जातो. दुसरी हवेची, तिसरी भरायची. तिघी एका जाडीच्या, एका रंगाच्या, आणि काऊल बसवलं की तिघीही पडद्याआड.

आधी मी जांभळी सिलिकॉनची नळी लावली होती. दिसायला देखणी. पेट्रोलमध्ये दोन दिवसांत शेवईसारखी फुगली आणि पितळी तोटीवरून आपोआप उतरली. बाजाराच्या दिवशी पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने नळी बोटांनी दाबली, नाक मुरडलं.

"सर, हे पेट्रोलले जमत नाही. हा पिवळा पाईप लावा. लोळा पायजे का? पंपात बी तोच रायते."

मिश्रणही त्यानेच सांगितलं, लिटरला 40 मिली ऑईल. मग विमानाकडे बघून हळूच : "पंपाले पंख काऊन लावले?"

नळ्या बसल्या. उघड्या तोंडांतून वावरातली धूळ जाऊ नये म्हणून बाहेर आलेल्या दोन्ही टोकांना मी लाल टोपणं लावली. या टोपणांचा मला फार अभिमान होता. बैलाच्या दाव्याने विमानाची शेपूट खुंट्याला बांधली आणि पंखा फिरवला. झकास! दीड मिनिट. मग इंजिन खोकलं, आवाज चढला, आणि मेलं.

भरायच्या नळीचं टोपण काढून पाहिलं, पेट्रोल भरपूर. पुन्हा फिरवलं, पुन्हा झकास, पुन्हा दीड मिनिट. मग काऊल उघडा. म्हणजे आधी स्पिनर, म्हणजे पंख्यावरची टोपी, मग पंखा, मग चार इवलेसे स्क्रू, त्यांतला एक दरवेळी शेणातच पडणार. नळी पिळलेली नाही, सायलेन्सरला चिकटून वितळलेली नाही. काऊल लावा. दीड मिनिट. तीन दिवस हेच. कार्ब्युरेटरच्या सुया मी इतक्या फिरवल्या की मूळ जागा त्यांनाही आठवेना. बैल तर मला पाहिलं की पाठ फिरवून उभा राहायला लागला.

तिसऱ्या दिवशी आई ओसरीवर तेलाचा पिपा फोडत होती, 15 किलोचा. खिळा ठेवून हातोडीने एक भोक, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं.

"दोन कायले?" मी विचारलं.

"वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर येते का रे? शायेत काय शिकवतं पोराईले?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो.

उठून विमानाकडे गेलो. पोटाखालचं, हवेच्या नळीचं लाल टोपण ओढलं. 'सुस्स' झालं. काऊल काढून पाहिलं तर टाकीची एक बाजू चोखलेल्या आंब्यासारखी आत गेलेली, ती टक्कन फुगून बाहेर आली. दरवेळी पेट्रोल बघायला भरण्याचं टोपण मी उघडायचो तेव्हा तेवढी हवा आत जायची, आणि त्या हवेवर ते दीड मिनिट जगायचं.

काऊल लावलं. या वेळी चारही स्क्रू हातात राहिले. इंजिन टाकी रिकामी होईपर्यंत चाललं, शेजारचे दोघं धुऱ्यावर येऊन उभे राहिले. शेवटचा फट्-फट् थांबला तशी आई म्हणाली,

"झालं? आता ते दावं सोड. बैल पाण्यावर न्या लागते."