‘राजपुत्राची परदेशवारी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र आणि पुढे भारताचे राजदूत झालेल्या आप्पासाहेब पंतांवरच्या माझ्या लेखाला आपण सवड काढून एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. चूक आधी कबूल करतो. ते तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या केनियात, नैरोबीला, १९४८ साली गेले, मी १९४७ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. ‘संस्थानिकाच्या पोराला नेहरूंच्या मेहेरबानीने परदेशवारी घडली, तिला तुम्ही दोन संस्कृतींमधला पूल वगैरे म्हणता.’ यातलं ‘वगैरे’ झोंबलं, लपवत नाही. आणि ‘पोराला’? १९१२ सालचा जन्म त्यांचा. मतभेद जरूर असावेत, पण भाषा अशी?

कुठल्या संस्थानिकाचा मुलगा, हे तरी बघायचंत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गादीवर असतानाच कारभार रयतेच्या हाती दिला. १९३९ च्या त्या राज्यघटनेत गांधीजींनी लक्ष घातलं होतं, आणि सगळ्या खटपटीत आप्पासाहेब स्वतः होते. असा माणूस नैरोबीला भारताचा आयुक्त म्हणून जातो, तिथे गोरे, हिंदी (म्हणजे भारतीय) आणि आफ्रिकन यांच्या वस्त्यासुद्धा वेगळ्या. तिथल्या हिंदी लोकांना ते सांगत राहिले, की तुमचं भवितव्य आफ्रिकनांबरोबर आहे. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा घरोबा होता. आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते धडपडत. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी लागली, केन्याटांना अटक झाली, आणि ब्रिटिशांनी या आयुक्ताबद्दल दिल्लीकडे कुरबूर सुरू केली. नुसत्या परदेशवारीला गेलेल्या माणसाची कुणी तक्रार करतं का हो?

माझे आजोबा औंधच्या शाळेत शिकले. तिथे सूर्यनमस्कार सक्तीचे. सत्तरी उलटल्यावरही ते पहाटे ओसरीच्या फरशीवर नमस्कार घालत, तळहाताची धूळ धोतराला पुसत आणि म्हणत, “राजा घालतो, मग आपल्याला काय धाड भरलीय?” आमच्या घरात औंध हे असं आलंय. पुस्तकं चाळून मत बनवणाऱ्यांनी मला औंध शिकवू नये. (जरा कडक झालं. असू दे.)

तिबेटवर तुम्ही चार परिच्छेद लिहिलेत. १९५५ ते १९६१ ते सिक्कीममध्ये गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर, म्हणजे भारत सरकारचे प्रतिनिधी, होते, तिबेटचं काम त्यांच्याकडेच होतं, मग १९५९ मध्ये दलाई लामांना देश सोडावा लागला तोवर या माणसाच्या तिबेटशी असलेल्या मैत्रीचा उपयोग काय झाला, हे लेखात का नाही, असा तुमचा सवाल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम इथल्या त्यांच्या नेमणुकाही राहिल्याच की. लेख लांबला म्हणून ओरडणारे वाचकही मलाच झेलावे लागतात.

‘भक्तिभावाने लिहिलंय’ या शेऱ्यावर काही बोलत नाही.

आणि ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाआडून लिहिण्यात कसला स्पष्टपणा, ते एकदा कळवा. बाकी ‘मुत्सद्देगिरी’त द-ला द जोडलेला असतो. तुम्ही दोन्ही वेळा ‘मुत्सदेगिरी’ लिहिलंय.