मिगमध्ये गेले ते ‘कच्चे’ नव्हते

माझी नात एनडीएच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. परवा तिने मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज दाखवला: ‘निवृत्त मिग-२१ पायलटच्या आठवणी’. पायलटचं नाव नाही, स्क्वाड्रन नाही. “आजोबा, तुम्हाला वर खरंच काही ऐकू यायचं नाही?” मी स्वतः मिग-२१ उडवलंय. वाचून डोकं तापलं.

मेसेज म्हणतो, आवाजाचा वेग ओलांडला की आवाज मागे राहतो आणि कॉकपिटमध्ये स्मशानशांतता पसरते; स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. अहो, कॉकपिटमधली हवा विमानाबरोबरच जात असते! तिच्यातून आवाज नेहमीसारखाच पोचतो. इंजिनाची थरथर धातूतून थेट पाठीत उतरते. कानात आरटी, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, चालू असतो. आणि मास्कमधला श्वास तर इतका मोठा ऐकू येतो की आपण किती घाबरलोय ते त्यावरूनच कळतं. मॅक १, म्हणजे आवाजाचा वेग, ओलांडताना मला दिसलं ते एवढंच: उंची दाखवणारा काटा क्षणभर उडाला आणि पुन्हा जागेवर आला. हा वेग ओलांडला की जमिनीवर धमाका ऐकू येतो; पहिल्या वेळी मी त्याची वाट बघत होतो. तो आत ऐकूच येत नाही.

मेसेज म्हणतो, धमाका आवाजाची ‘भिंत फोडताना एकदाच’ होतो; हेही चूक. विमान त्या वेगात असेपर्यंत तो जमिनीवरून मागोमाग सरकत राहतो. एका गावाला एकदाच ऐकू येतो, इतकंच.

पण खरा संताप शेवटच्या ओळीचा: ‘मिगमध्ये मेले ते कच्चे पायलट.’ चुका झाल्या, हे मान्य. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितलं की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली, १७१ पायलट गेले. कारणं मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड, दोन्ही. पण शिकायचं कशावर? प्रगत जेट ट्रेनर हवं, असं लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं. तसं ट्रेनर, हॉक, आलं २००८ मध्ये. तोवर किरणसारख्या संथ विमानांवर शिकलेली पोरं ताशी सुमारे ३०० किलोमीटरने धावपट्टीवर टेकणाऱ्या मिगवर जात राहिली.

त्या १७१ मध्ये माझ्या कोर्समधले दोघं आहेत. त्यातला एक आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला उडवायचा.