डेल्टा दाखवा हो, दुकानं नकोत!

व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशाची सहल म्हणे! सायगॉनहून (म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून) सकाळीच बसमध्ये कोंबायचं, मिथो या नदीकाठच्या शहरात नेऊन होडीत बसवायचं, आणि नदी जरा डोळ्यांत भरतेय तोच... उतरा! नारळाच्या वड्यांचा कारखाना. चाखा, घ्या. परत होडी. उतरा! मधाचा चहा. चाखा, घ्या. गळ्यात अजगर घालून फोटो काढा. अहो, अजगर गळ्यात घ्यायला आलोय का आम्ही व्हिएतनामला?

मग फळांच्या चार फोडी आणि गाणं. दक्षिण व्हिएतनाममधलं हे संगीत 2013 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. इथे मात्र सूर लागायच्या आत टिपचा डबा फिरतो! आणि जिच्यासाठी हा सगळा अट्टाहास, ती झावळ्यांखालच्या ओढ्यातली वल्ह्याची होडी? लग्नातल्या आइस्क्रीमसारखी: भलीमोठी रांग, चमचाभर माल. त्यातही पुढेमागे होड्यांचा ट्रॅफिक जॅम.

देशाचा सुमारे निम्मा भात या भागात पिकतो. एक शेत दाखवाल? छे! कोरड्या महिन्यांत समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, शेतकरी हैराण होतो. गाईड त्यावर चकार शब्द काढेल तर शपथ. वड्यांचे भाव मात्र तोंडपाठ, तेही रुपयांत!