रिमोट, चटणी आणि मोराची चादर

बाबा रिटायर झाल्यावर त्यांना जुनी नाटकं-भजनं टीव्हीवर बघता यावीत म्हणून मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, जोडून दिला, त्यात कोडी हे व्हिडिओ-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि तिथंच गप बसलो असतो तर बरं झालं असतं. पण बाबांना माउस जमेना. "हे उंदीर फिरवायला दर वेळी उठून टेबलापाशी जायचं का? बसल्या जागी रिमोट दे."

बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट घरात होताच, प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेला. म्हटलं तीन पायांचा एक इन्फ्रारेड सेन्सर तर लावायचाय, तासाभराचं काम! त्यात तीन रविवार गेले.

माझ्याकडचं जोडणीचं चित्र टीसॉप ३८२३८ नावाच्या सेन्सरचं होतं, दुकानदारानं दिला टीसॉप १७३८. "तेच असतंय ओ, बिनधास्त लावा." दोन्हीच्या शेवटी ३८, म्हणजे दोघांनाही ३८ किलोहर्ट्झचा सिग्नल कळतो, एवढ्यावर त्यानं सोयरीक जुळवून टाकली. पण सेन्सरच्या पायांचं काय? ३८२३८ ला आधी आउटपुट, मग ग्राउंड, मग सप्लाय, आणि १७३८ ला आधी ग्राउंड, मग सप्लाय, मग आउटपुट. मी आपलं चित्र बघून जोडलं, बटणं दाबत बसलो, काहीच होईना म्हणून सेन्सरला बोट लावलं तर तव्यावरची भाकरी उलटताना बसतो तसला चटका! बरं, १७३८ ला लागतात ५ व्होल्ट आणि रास्पबेरी पायच्या पिनला ३.३ च्या वर सोसत नाही, म्हणजे मी शहाण्यासारखं नीट जोडलं असतं तर पिनच जायची भीती होती. वेडेपणानं वाचलो.

मग ३८२३८ ऑनलाइन मागवला. तरी ढिम्म. आता संशय रिमोटवर. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो म्हणून बघायला गेलो तर मागच्या कॅमेऱ्यात काळोख, कारण बऱ्याच फोनमध्ये तिथं इन्फ्रारेड अडवणारी काच असते. सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा जांभळट ठिपका लुकलुकला, पण फक्त व्हॉल्यूमच्या बटणांना. पॉज, ओके, बाण, सगळे मेलेले.

रिमोट उघडला. आत रबराच्या चादरीखाली, बरोबर पॉजच्या जागी, तेलकट लाल भुगा. वास घेतला. शेंगाचटणी! बाबा जेवताना कडक भाकरी मोडणार, चटणीत बुडवणार आणि त्याच बोटांनी नाटक थांबवणार, हे त्या प्लेयरच्या काळापासून चालू होतं. पिशवी म्हणे धुळीपासून संरक्षण. स्पिरिटनं पुसलं, सुकवलं, जोडलं, आणि आयआर-कीटेबल हा रिमोटचे सिग्नल वाचणारा प्रोग्राम लावून पॉज दाबलं तर स्क्रीनवर कोड पडला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. कोणता कोड म्हणजे कोणतं बटण ते फाइलमध्ये लिहिलं, बाबांना रिमोट दिला, हात धुऊन घ्या म्हणून सांगितलं.

संध्याकाळी पाचला परत बंद.

रात्री चालू. दुसऱ्या दिवशी पाचला परत बंद. सेल बदलले, वायर बदलली, एकदा तर रास्पबेरी पायचं अख्खं मेमरी कार्ड पुसून सगळं नव्यानं टाकलं, आणि ते झालं रात्री नऊला, त्यामुळं मस्त चाललं आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. शेवटी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ऊन आत आलं की बंद पडतंय की ते. इतकं कसं दिसंना तुला?"

आमची खिडकी पश्चिमेची. सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३ डिग्री, आणि उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडच असते. त्या झोतात सेन्सर आपली नजर आखडती घेतो, मग बिचाऱ्या रिमोटचं टिमटिमणं त्याला कुठनं कळणार? पडदा होता पण पातळ. आईनं कपाटातनं मोराची चादर काढली, खिडकीला दोन खिळे ठोकले. रिमोट पहिल्या दाबाला चालला.

तेव्हापासून रोज साडेचारला बाबा खुर्चीतनं उठतात, खिडकीपाशी जातात, चादर अडकवतात. काल बघितलं तर चादर लावून झाल्यावर ते टेबलापाशी उभे, हातात माउस, नाटक सुरू.

"अहो बाबा, रिमोट?"

"उठलोच होतो की रे," बाबा म्हणाले, "म्हणून उंदरानंच लावलं."