वीस हजारांचा गोटा

आमच्या गराजात, बर्फ ढकलायच्या फावड्यामागे, एक पिशवी होती. तिच्यात माझं तारुण्य जपून ठेवलंय, असा माझा समज होता. १९९६ साली डेट्रॉईटजवळ नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसच्या बोलिंग लीगमध्ये माझी सरासरी डावाला १६८ पिन होती. बोलिंग म्हणजे क्रिकेटचं नव्हे, जड चेंडू घरंगळत सोडून समोरच्या पिन पाडायचा खेळ. पुढे मुलं, घराचे हप्ते आणि मणक्यातली गादी. मुलं आता पांगली, हप्ते फिटले, गादी तेवढी सरकलेली आहे. बुधवारच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, असं शेजारी म्हणाला आणि मी पिशवी उघडली.

चेंडू उभा चिरला होता. मिशिगनचे एवढे हिवाळे गराजात काढल्यावर रेझिनच्या चेंडूचं दुसरं काय होणार! तरी वेडी आशा. तो घेऊन प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं चेंडू फिरवून पाहिला आणि विचारलं, "चिरेचं सोडा, हे चौथं भोक कसलं?"

बोटांची तीन आणि चौथं तोल साधायला. आमच्या वेळी त्याची ऐट होती.

"२०२० च्या ऑगस्टपासून त्यावर बंदी आहे."

एच-वन व्हिसाच्या काळात माझं जे होईल या धास्तीनं मी रात्र रात्र जागलो, ते शेवटी चेंडूचं झालं. गराजात झोपल्या झोपल्या बेकायदेशीर!

मग नवा चेंडू. पूर्वी रंग बघून घ्यायचो. आता पोरगा विचारतो, चेंडूचा वेग किती, फिरकी किती, फिरकीचा अक्ष किती कलतो? लग्न ठरवताना मला एवढं कोणी विचारलं नव्हतं. चेंडूच्या पोटातला गाभा सममित हवा की असममित? वरचं कवच सॉलिड, पर्ल की हायब्रिड? सॉलिड लवकर वळतो, पर्ल उशिरा, हायब्रिड दोघांच्या मध्ये. बायकोसाठी खरे मोती घेतानाही मी इतका विचार केला नव्हता.

"वजन?"

"पंधरा पौंड," मी बाणेदारपणे म्हणालो.

त्यानं माझं मनगट पाहिलं, मग पोट पाहिलं आणि चौदाचा काढला. मधल्या काळात मी सव्वीस पौंडांनी वाढलो, चेंडू एका पौंडानं घटला. फिजिओथेरपिस्ट बाईंचा आग्रह दहाचा होता. पण साधारण साडेअकरा पौंडांच्या आतला चेंडू पाण्यावर तरंगतो. तरंगणाऱ्या वस्तूनं मी पिन पाडणार नाही. माणसाला काही अब्रू असते.

भोकं पाडण्यासकट २३० डॉलर झाले. तीस वर्षं अमेरिकेत राहूनही आमच्या घरी डॉलर रुपयांतच मोजला जातो. "वीस हजारांचा गोटा?" सौ. म्हणाल्या. "अहो, एवढ्यात पाटा-वरवंटा, खलबत्ता सगळं येऊन वर पैसे उरले असते."

एकदा सरावाहून आल्यावर मी तो गरम पाण्याच्या बादलीत, भांड्यांचा साबण घालून बुडवला, तेव्हा तर त्या गप्पच झाल्या. चेंडू जिच्यावरून सोडतात त्या लेनवर तेलाचा थर असतो आणि हे नवे चेंडू ते पितात, म्हणून अधूनमधून बाहेर काढावं लागतं, हे मी समजावलं. "म्हणजे वांग्यासारखं," एवढंच म्हणून त्या टीव्हीकडे वळल्या. इतकं नेमकं तो प्रो शॉपवालाही बोलला नव्हता.

पहिला बुधवार. आमच्या संघातला एक पोरगा अंगठा न घालता दोन्ही हातांनी चेंडू टाकतो. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीनं ही तऱ्हा लोकप्रिय केली. आमच्या वेळी दोन हातांनी फक्त बालवाडीतली मुलं टाकायची. मी जुन्या सवयीनं लेनवर आखलेल्या बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्यावर नेम धरला. माझा जुना चेंडू वळायचा की नाही यावर विचार करत जायचा. हा तेल संपलं तसा जो डावीकडे वळला, तो मधल्या साऱ्या पिनांना बगल देऊन कोपऱ्यातल्या सात नंबरला तेवढा भेटून आला. पाय हलवून, नेम हलवून रात्रभर मी त्याच्या मागे धावत होतो. तीन डाव : ११२, १२४, १२१.

तरी आम्ही जिंकलो! लीगचा नियम असा की, सरासरी २२० पेक्षा जेवढी कमी, त्याच्या नव्वद टक्के पिन दर डावाला बक्षीस. माझी ११९ निघाली, म्हणजे नव्वद पिन फुकट. कप्तानानं मला मिठी मारली. त्या पोरानं २३१ मारले होते, त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

घरी आलो. सौ. जाग्याच होत्या. "चालला का गोटा?"

"जिंकलो! माझेच नव्वद पिन कामी आले."

"पाडलेत?"

"नाही, न पाडल्याबद्दल मिळाले."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग तो चिरलेला काय वाईट होता?"